चिठ्ठीतली कोरी ओळ

ही गोष्ट सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. या दिवाळी अंकाचे संपादक माझे जुने विद्यार्थी. गणपती बसायच्या सुमारास त्यांचा फोन ठरलेला. "सर, यंदा तरी तुमच्या चिठ्ठी पद्धतीवर लिहा." आणि मी दर वर्षी काहीतरी पुढे करतो. एकदा डोळ्याचं ऑपरेशन, एकदा नातीची परीक्षा, एकदा तर घराला रंग काढलाय असं सांगितलं. रंग काढला होता हे खरं, पण रंगवणारा मी नव्हतो.

यंदा हो म्हणून बसलो. सकाळपासून तीनदा टेबलापासून उठलो. नळ नीट बंद केलाय का बघून आलो. वाचलेला पेपर पुन्हा वाचला. शेवटी सौभाग्यवती आतून म्हणाल्या, "अहो, लिहिताय की फेऱ्या मारताय?"

"लिहितोय."

"मग बसून लिहा की."

बसलो आहे. पुन्हा उठायच्या आत मुख्य ते लिहून टाकतो. चिठ्ठी पद्धत माझी नाही. ती सविता नावाच्या माझ्या एका विद्यार्थिनीची आहे. इतक्या प्रशिक्षणांत, इतक्या शाली-श्रीफळांत मी हे नाव एकदाही घेतलं नाही. का घेतलं नाही ते सांगायचं तर सुरुवात रुळापासून करावी लागेल.

सोनईपासून थोड्या अंतरावरच्या एका गावात, माध्यमिक शाळेत मी इंग्रजी शिकवत होतो. माझ्याकडे एक गोल शिसवी रूळ होता, मला शिकवलेल्या गुरुजींनी दिलेला. मी तो पोरांना मारण्यासाठी कधीच वापरला नाही, आणि याचा मला मोठा अभिमान होता. तो टेबलावर वाजवायचा. पोरगं उभं राहून इंग्रजीत बोलायला लागलं आणि चूक झाली की टक. बोलणाऱ्याने जागच्या जागी थांबायचं. मी वर्गाला विचारायचं, बरोबर वाक्य कुठलं? कुणीतरी सांगायचं, मग सगळा वर्ग ते वाक्य तीनदा एका सुरात म्हणायचा. त्यानंतर चुकणाऱ्याने पहिल्यापासून सुरुवात करायची. पुन्हा चूक, पुन्हा टक, पुन्हा पहिल्यापासून.

तपासणीला आलेले साहेब खूश व्हायचे. शेवटच्या बाकापर्यंत एका आवाजात इंग्रजी, तेही खेड्यात! पोरांनी माझं नाव सुतारपक्षी ठेवलं होतं. पुढे त्यातला पक्षी गळला आणि मी नुसता सुतार सर झालो. एक पालक तर बरीच वर्षं मला त्याच आडनावाचा समजून लग्नाच्या पत्रिकेवर तसं नाव घालत. मी दुरुस्त केलं नाही. स्वतःची चूक दुरुस्त करायचा कंटाळा मला तेव्हापासून आहे.

बाहेरच्या माणसाला आमच्या धंद्यातली गोम सांगतो. भाषा बोलायला शिकवायची म्हणजे पोराला एकाच वेळी दोन उलट्या गोष्टी करायला सांगायच्या. न घाबरता बोल, आणि बिनचूक बोल. चूक सांगितलीच नाही तर ती जिभेवर कायमची बसते. सारखी सांगितली तर जीभच बसते. म्हणजे चूक कधी सांगायची, एका वेळी किती सांगायच्या आणि ती दुरुस्त कुणी करायची, मास्तरने की बोलणाऱ्याने, एवढंच खरं कौशल्य. बाकीचं पुस्तकात असतं. मला या तिन्ही प्रश्नांचं एकच उत्तर माहीत होतं. लगेच, सगळ्या, आणि मी.

सविता नववीत आमच्याकडे आली. मूळ पाथर्डीकडची. दसऱ्यानंतर आईवडील ऊसतोडीला श्रीगोंद्याकडे गेले की तिचीही शाळा सुटायची, ती कोपीवर जायची, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या पाचटाच्या झोपडीत. त्या वर्षी मात्र आमच्या गावच्या मावशीने तिला ठेवून घेतलं. पोरगी बोलकी. इंग्रजीचे चार शब्द आले की त्यांचे चाळीस करायची. कारखान्यावरच्या बैलांची नावं, मुकादमाची चाल, टायरगाडी उलटली ती गंमत, सगळं मोडक्या इंग्रजीत, हातवारे करून. पोरं पोट धरून हसायची आणि त्यांना सगळं समजायचं. मी टकटक करायचो. ती जीभ चावायची, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची. दहा टकांनी तिचा उत्साह कमी व्हायचा नाही. मी मनात म्हणायचो, या पोरीत दम आहे. म्हणून तिला आणखी टोकायचो.

थंडीचे दिवस होते. काल किंवा आज घडलेली एक गोष्ट पाच वाक्यांत सांगा, असं मी वर्गाला सांगितलं होतं. सविताने हात वर केला. आज ती हातवारे करत नव्हती, दोन्ही हातांनी बाकाची कड धरली होती. हे मला आता आठवतं. तेव्हा दिसलं नव्हतं.

"टुडे मॉर्निंग फोन कम," ती म्हणाली.

टक. वर्गाने म्हटलं, "द फोन केम." तीनदा.

ती पहिल्यापासून सुरू झाली. "टुडे मॉर्निंग द फोन केम. माय मदर... कोयता... टू फिंगर गो."

टक. "गो?" मी वर्गाकडे बघून विचारलं. "कोण सांगेल?"

पुढच्या बाकावरच्या हुशार पोराने सांगितलं. मी मान डोलावली. आणि पन्नासएक पोरांनी खणखणीत सुरात, एका तालात म्हटलं, "माय मदर लॉस्ट टू फिंगर्स. माय मदर लॉस्ट टू फिंगर्स. माय मदर लॉस्ट टू फिंगर्स."

काही पोरं हसत होती. रोजच्यासारखी, त्यांचा काही दोष नाही.

"गुड," मी म्हणालो. "आता पहिल्यापासून."

सविता उभीच होती. तोंड उघडलं, मिटलं आणि खाली बसली. मी पुढच्याचं नाव घेतलं.

मधल्या सुट्टीत तिची मावशी आली. डोक्यावरचा पदर नीट करत म्हणाली, "सर, पोरीला न्यायला आले. तिच्या आयचा हात कापलाय फडात. नगरच्या दवाखान्यात आनलंय. तिनं सांगितलं न्हाई का तुमाला?"

मी म्हणालो, "सांगितलं."

तिने बातमी सांगितली होती. मी त्यातल्या चुका ऐकल्या.

आठवडाभराने सविता परत आली. मी तिच्याकडे आईची चौकशी केली. "बरी हाय," म्हणाली. तेव्हाच दोन शब्द बोलायला हवे होते. मला वाटलं, विषय काढला तर पोर रडेल. पोर रडली नसती. मला अवघड झालं असतं. मी पुढचा धडा काढला. त्यानंतर वर्षभर सविता माझ्या तासाला बोलली नाही. लेखी परीक्षेत बरे गुण, तोंडीला उभी राहून गप्प. रूळ मी चालूच ठेवला होता, हेही कबूल करतो. फक्त तिच्या बाकाजवळ गेलो की तो पाठीमागे धरायचो.

ती दहावीत असताना एक दिवस मधल्या सुट्टीत पाण्याच्या टाकीमागून इंग्रजी ऐकू आलं. डोकावलो. लिंबाखाली आठवीच्या चार-पाच मुली गोल बसल्या होत्या आणि मधोमध सविता. एक मुलगी उभी राहून घरच्या शेळीची गोष्ट इंग्रजीत सांगत होती. ढीगभर चुका. सविता तिला अजिबात थांबवत नव्हती, हसायच्या जागी हसत होती, मध्येच "देन?" विचारत होती. मांडीवर गेल्या महिन्यांची कॅलेंडरची पानं होती, त्यांच्या कोऱ्या बाजूवर ती काहीतरी टिपत होती. गोष्ट संपल्यावर तिने कागदाचा तुकडा फाडून मुलीच्या हातात दिला. मुलीने वाचला, थोडा विचार केला, पेन्सिलीने काहीतरी लिहिलं, आणि उभी राहून तीच शेळी पुन्हा सांगितली. या वेळी शेळी बरीच सुधारली होती.

मी पुढे झालो. मुली ताडकन उठल्या. सविता कागद लपवायला लागली.

"बघू," मी म्हणालो.

चिठ्ठीवर वर एक ओळ होती, काय छान झालं ती. खाली त्या मुलीची दोन चुकीची वाक्यं, तिने म्हटली तशीच्या तशी. प्रत्येक वाक्याखाली एक कोरी ओळ.

"बरोबर वाक्य का नाही लिहिलंस?"

"ते तिनं लिहायचं, सर. तिला येतं. बोलताना ध्यानात येत न्हाई एवढंच. आपलंच वाक्य कागदावर बघितलं की दिसतं."

"आणि चुका दोनच? मी इथून दहा मोजल्या."

"लई लिहिल्या तर ती चिठ्ठी धरून बसंल. बोलायची न्हाई."

"लिहिलं की झालं?"

"न्हाई न्हाई. दुरुस्त केलेलं तोंडानं म्हणायचं. ज्यांनी ऐकलं हुतं त्यांच्याच म्होरं. नुसतं लिहून भागत न्हाई."

"कुणी शिकवलं तुला हे?"

"कुणी न्हाई, सर. तुमी टकटक केली की मी काय सांगत हुते तेच मला ऐकू यायचं न्हाई. म्हणून मी या पोरींना आधी ऐकून घेते."

माझ्या पस्तीस वर्षांच्या नोकरीत माझ्यावर झालेली ती एकमेव खरी तपासणी. मी काहीतरी "छान, छान, चालू ठेवा" असं पुटपुटलो आणि ऑफिसात येऊन रूळ कपाटात टाकला. त्यानंतर तो वाजला नाही.

इथवर लिहून पुन्हा उठलो होतो. चहा झाला.

दुसऱ्या आठवड्यापासून मी वर्गात चिठ्ठ्या सुरू केल्या. वही घेऊन मागच्या बाकावर बसायचं, पोरगं पुढे उभं राहून बोलणार, मी टिपणार. पहिले काही दिवस पोरं माझ्या हाताकडेच बघत होती, टक कधी येते म्हणून. मग सुटली. वर्ष संपेपर्यंत मागच्या बाकावरची पोरंसुद्धा तीन-तीन मिनिटं बोलत होती, आणि त्याच त्या चुका कमी होत गेल्या, कारण प्रत्येकाला आपापल्या चुका चांगल्या ओळखीच्या झाल्या होत्या. सविताकडे मी फिरून पाहिलं नाही. ती दहावी होऊन गेली. निरोप समारंभात पाया पडली. मी "मोठी हो" म्हणालो.

पुढच्या वर्षी तालुक्याच्या शिक्षक प्रशिक्षणात मला बोलायला बोलावलं. मी घरून ठरवून निघालो होतो की सुरुवात एका विद्यार्थिनीच्या नावाने करायची. कागदावर पहिली ओळ तशी लिहिलीही होती. पण प्रास्ताविक करणारे साहेब म्हणाले, "सरांनी स्वतःच्या चिंतनातून ही अभिनव पद्धत विकसित केली आहे." टाळ्या झाल्या. मी उभा राहिलो आणि दुसऱ्या ओळीपासून बोललो. घरी आल्यावर कागदावरची ती पहिली ओळ दोनदा वाचली. दुसऱ्या प्रशिक्षणाला ती लिहिलीच नाही. तिसऱ्यात मी स्वतःच "माझी पद्धत" म्हणालो.

निवृत्त झाल्यावर नगरला आलो. बसच्या पाटीवर आता अहिल्यानगर असतं, माझ्या तोंडातून अजून नगरच निघतं. नागापूरच्या रस्त्याला एक खोली घेऊन संध्याकाळचा इंग्रजी बोलण्याचा वर्ग काढला. कंपन्यांतली माणसं यायची. दत्तू नावाचा एक प्रेस ऑपरेटर आठवतो. त्यांच्या कारखान्यात परदेशी पाहुणे येणार होते आणि मशीन दाखवायचं काम त्याच्यावर आलं होतं. पहिल्या दिवशी म्हणाला, "सर, मशीन मला झोपेत येतं. तोंड येत नाही." मी म्हटलं, समज मी पाहुणा आहे, दाखव. त्याने खुर्चीलाच प्रेस मशीन मानलं आणि वीस मिनिटं घाम गाळत बोलला. मी मध्ये अवाक्षर काढलं नाही. शेवटी दोन वाक्यांची चिठ्ठी दिली. तो चिठ्ठीकडे बघून ओरडला, "आयला, हे मी म्हणालो?" स्वतःच दुरुस्त केलं, पुन्हा खुर्ची दाखवली. रोज दोन वाक्यं. पाहुणे येऊन गेल्यावर पेढे घेऊन आला.

"सर, गोऱ्याने मला तीन प्रश्न विचारले! एकाचं उत्तर त्यालाच नाही कळलं, इतकं मी फास्ट बोललो."

"मग रे?"

"मग काय, मीच त्याला म्हटलं, प्लीज वेट, आय से अगेन. पहिल्यापासून सांगितलं." मग पाया पडत म्हणाला, "ही चिठ्ठी म्हणजे तुमची कमाल आहे, सर."

सांगायची ती आणखी एक संधी होती. दत्तूला सांगून माझं काहीच जाणार नव्हतं. मी पेढा खाल्ला.

दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्याच्या सुट्टीत खासगी शाळांच्या शिक्षकांसाठी एक शिबिर होतं, मी मार्गदर्शक. बोलता बोलता तिसऱ्या रांगेकडे लक्ष गेलं आणि ओळखलं. साडी, चष्मा, मांडीवर वही. सविता शिक्षिका झाली होती. मी बोलत राहिलो. टाकीमागचं सगळं, शब्दन् शब्द, तिच्याच पुढे माझं म्हणून सांगत राहिलो. दोनच चुका का, कोरी ओळ का, तोंडाने का म्हणायचं. ती टिपत होती.

शेवटी एका तरुण शिक्षकाने विचारलं, "सर, हे तुम्हाला सुचलं कसं?"

सभागृहात पंखे फिरत होते. मी तिच्याकडे बघितलं, तीही माझ्याकडे बघत होती, रागाने नाही, वर्गात उत्तराची वाट बघावी तशी. मी म्हणालो, "अनुभवातून सुचत गेलं."

शिबिराचा शेवटचा भाग म्हणून सगळ्या शिक्षकांनी मार्गदर्शकाला चिठ्ठी द्यायची होती. ती कल्पना माझीच, तेवढी खरंच माझी. घरी येऊन चिठ्ठ्या चाळल्या. बहुतेकांनी खूप छान, खूप छान असं लिहिलं होतं. एक कॅलेंडरच्या पानाच्या तुकड्यावर होती. अक्षर मी ओळखलं. वर लिहिलं होतं, "छान झालं ते: आता सर कुणाला मध्ये थांबवत नाहीत." त्याखाली एकच वाक्य, मी म्हटलं तसंच्या तसं. "अनुभवातून सुचत गेलं." त्याखाली कोरी ओळ.

ती चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे. बायकोला एकदा सापडली. "ही कुणाची?" म्हणाली. तिला त्या दिवशी सगळं सांगितलं. ती चिठ्ठी माझ्या हातात परत देत म्हणाली, "मग मला कशाला सांगताय? तिला सांगा."

यंदा श्रावणात गेलो. सविताची शाळा शेवगावच्या पलीकडे आहे. बसने गेलो, विचारत विचारत शाळेत पोचलो. वर्ग चालू होता, व्हरांड्यात उभा राहिलो. आतून एक मुलगा अडखळत इंग्रजीत काहीतरी सांगत होता आणि मधूनमधून तिचा आवाज येत होता, "देन?" परत फिरावं असं वाटलं, तेवढ्यात घंटा झाली आणि ती बाहेर आली.

"सर! तुम्ही? एवढ्या लांब?" खाली वाकली. "पाय दुखत असतील. बसा. चहा सांगते."

खुर्ची आली, चहा आला. तिने विचारलं, "कुणाकडे आला होतात?"

"असाच," मी म्हणालो. "इकडे काम होतं."

काम समोर बसलं होतं. मी पावसाबद्दल बोललो, बसच्या वेळांबद्दल बोललो. मग तिनेच दार उघडून दिलं. कप खाली ठेवत म्हणाली, "आई आता फडात जात नाही, सर. माझ्याकडेच असते. बोटं नाहीत त्या हाताला, पण भाकरी अजून तीच थापते. ऐकत नाही."

मी तिच्याकडे बघितलं. वाक्य तयार होतं, बसमध्ये शेवगावपर्यंत घोकलं होतं. मी म्हणालो, "शुगर वगैरे नाही ना त्यांना?"

"नाही, सर," ती म्हणाली.

ती थांबली होती. मध्ये बोलली नाही, घाई केली नाही. समोरच्याला पूर्ण बोलू द्यायचं, हे तिला आधीपासून येतं. मग पुढच्या तासाची घंटा झाली. ती फाटकापर्यंत सोडायला आली, एका मुलाला मला बसचा थांबा दाखवायला सांगत होती, मी नको म्हणालो.

काल ती चिठ्ठी पाकिटातून काढली आणि कोऱ्या ओळीवर लिहिलं: "हे मला सविताने शिकवलं, आणि ते शिकायची पाळी तिच्यावर मी आणली. सविता, मला माफ कर." आरशासमोर मोठ्याने म्हणून बघितलं. जमलं. आज इथे छापायला देतो आहे, म्हणजे संपादक वाचतील, दत्तू वाचेल, शिबिराला आलेले शिक्षक वाचतील. कदाचित तीही वाचेल. पण पद्धत तिची आहे आणि त्या पद्धतीत नुसतं लिहून भागत नाही. दुरुस्त केलेलं वाक्य ज्याने ऐकलं त्याच्यासमोर तोंडाने म्हणावं लागतं. ते मी अजून म्हटलेलं नाही.